आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली मेडलं आणि एक बिगुलाचा बिल्ला, कुणाला वाचता येतील का?

पत्र्याची_पेटी:
नमस्कार मंडळी. गावचं जुनं घर उतरवायला काढलंय, त्यात माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक मिळाली. आजोबा जाऊन पस्तीस वर्षं झाली, मी तेव्हा लहान होतो. ट्रंकेत एक खाकी कापडाची पुरचुंडी होती आणि तिच्यात पाच मेडलं आणि एक पितळी बिल्ला. घरात सगळ्यांना एवढंच माहीत की आजोबा मराठा पलटणीत होते आणि 'बर्माच्या लढाईत' होते. माझे वडीलही हेच सांगायचे, आत्याही हेच सांगते.

आता मेडलांचं सांगतो. तीन चांदणीसारखी आहेत, सहा टोकांची, तांबूस पिवळ्या धातूची, मध्ये मुकुट आणि इंग्रजी अक्षरांची गुंतवळ. दोन गोल आहेत, पांढरट धातूची. गोलपैकी एकावर सिंह उभा आहे, कसल्यातरी प्राण्याच्या अंगावर पाय देऊन. दुसऱ्या गोलवर एका बाजूला चक्र आहे आणि वर मुकुट, मागं आपले अशोकस्तंभाचे सिंह. फिती फार विटल्यात, पण एका चांदणीची आणि त्या चक्रवाल्या गोलची फीत मला तिरंगी वाटते म्हणून जास्त गोंधळ झालाय, म्हणजे इंग्रजांच्या मेडलला तिरंगी फीत कशी काय? कुठंच नाव दिसत नाही. बिल्ला दोरीनं टांगलेल्या बिगुलासारखा आहे, अंगठ्याच्या नखाएवढा, वर मुकुट.

कागद एकही नाही. आजीनं घर बदलताना काय झालं कुणास ठाऊक. एका ओळखीच्यांना फोटो दाखवले तर ते म्हणाले नाव नाही म्हणजे बाजारातली नक्कल असणार, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मला विकायची नाहीत, किंमत नकोय, आजोबा कुठं होते आणि काय केलं एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

सह्यकडा:
पहिली गोष्ट, नाव नाही म्हणजे नकली हे डोक्यातून काढून टाका. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं ठोकलेलं असायचं. दुसऱ्या महायुद्धात मात्र ब्रिटिश सरकारनं स्टार आणि वॉर मेडल नावाशिवायच द्यायचं ठरवलं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेनं आपल्या लोकांची नावं घातली, बाकी बहुतेक ठिकाणी कोरीच. त्यामुळं कोरी कड बघून कुणी नक्कल म्हणत असेल तर त्यांना या काळातली मेडलं माहीत नाहीत एवढाच अर्थ.

दुसरी गोष्ट, चांदण्यांचं नाव फितीवरून ओळखायचा प्रयत्न आत्ता करू नका. फिती बदलल्या जातात, कुणी सणावाराला लावायला म्हणून नवीन शिवतं आणि चुकीची शिवतं. चांदणीच्या मध्यभागी ती अक्षरांची गुंतवळ आहे ना, ती जॉर्ज सहाव्याची मोहर, तिच्याभोवती गोल पट्टी आहे आणि त्या पट्टीवर उठावाच्या अक्षरांत स्टारचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचा. खिडकीपाशी नेऊन टॉर्च आडवा धरा, वरून नाही, बाजूनं, म्हणजे सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. तिन्हीचं इथं लिहा, मग पुढं बोलू.

आणि कृपा करून घासू नका!!

पत्र्याची_पेटी:
घासू नका हे वाचलं आणि पोटात गोळा आला. आत्यानं एक चांदणी परवाच चिंच लावून घासली, लख्ख झालीय. बाकीच्यांना हात लावू दिला नाही आता.

टॉर्चची युक्ती कामाची निघाली. एकावर 'द १९३९-१९४५ स्टार' आहे. दुसऱ्यावर 'द आफ्रिका स्टार'. तिसऱ्यावर 'द इटली स्टार'. परत परत वाचलं. बर्मा कुठंच नाही. म्हणजे ही आजोबांची नाहीतच का?

सह्यकडा:
घाबरू नका, मला तर हे वाचून उलट आनंद झाला. घरात सांगत आलेली गोष्ट आणि मेडलं जुळत नाहीत असं खूप घरांत होतं. त्या पिढीतली माणसं घरी फार बोलत नव्हती आणि गावात लढाई म्हटलं की बर्मा, ते नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, मग ज्याचा त्याचा आजोबा बर्माला जाऊन आला.

आता एकेक करून बघू. १९३९-४५ स्टारची फीत गडद निळी, लाल, फिकट निळी, म्हणजे आरमार, लष्कर, विमानदल. पायदळाच्या शिपायाला साधारण सहा महिने लढाईच्या भागात काढले की हा मिळायचा. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये लाल पट्टा, आजूबाजूला एक गडद आणि एक फिकट निळी बारीक रेघ, वाळू म्हणजे वाळवंट. त्याची मुदत १० जून १९४० ते १२ मे १९४३. आणि इटली स्टार, ११ जून १९४३ ते ८ मे १९४५.

तुमचा तिरंग्याचा गोंधळ इथं सुटतो बघा. इटली स्टारच्या फितीत पाच पट्टे असतात, लाल पांढरा हिरवा पांढरा लाल, इटलीच्या झेंड्याचे रंग. लाल विटला की केशरी दिसतो. आणि ते चक्रवालं गोल मेडल म्हणजे इंडियन इंडिपेंडन्स मेडल, त्याची फीत खरंच केशरी पांढरी हिरवी, तीनच पट्टे. चक्राच्या वर मुकुट कारण १९४७ ला आपण स्वतंत्र झालो पण प्रजासत्ताक व्हायला २६ जानेवारी १९५० उजाडलं, मधल्या काळात राजा नावाला होताच. मागं सिंहांच्या बाजूनं १५ ऑगस्ट १९४७ अशी तारीख असेल, बघा. सिंहवालं दुसरं गोल म्हणजे वॉर मेडल १९३९-४५, सिंहाच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन आहे, ते मेडल २८ दिवस नोकरी झालेल्या कुणालाही मिळायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंडिपेंडन्स मेडलच्या कडेवर नाव असतं. महायुद्धाची मेडलं कोरी असली तरी हे बहुधा कोरं नसतं. कड बघा, पूर्ण गोल फिरवून.

माईची_लेक:
मी मध्येच लिहितेय, माझ्या आजोबांचीही मेडलं माझ्याकडं आहेत म्हणून. आमच्याकडं फक्त दोन, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल, हे दुसरं म्हणजे मागं हिंदुस्थानचा नकाशा उठावात असतो ते, फीत निळ्या दोन छटांची. आजोबा सर्व्हिस कोअरमध्ये खेचरं सांभाळायचे. लहानपणी चुलतभाऊ म्हणायचे तुमचे आजोबा लढले कुठं, स्टार एकही नाही. मला ते फार लागायचं. नंतर वाचल्यावर कळलं की इंडिया सर्व्हिस मेडलला तीन वर्षांची नोकरी लागायची, हिंदुस्थानी फौजेतली, आघाडीबाहेरची. तीन वर्षं घरापासून लांब, आणि आघाडीला जे धान्य दारूगोळा औषधं जात होती ती याच माणसांच्या हातून जात होती. तेव्हा पेटीदादा, तुमच्याकडं स्टार आहेत हे छानच आहे पण मेडल किती आणि कुठली यावरून माणसाला तोलू नका, आणि इथं वाचणाऱ्या इतरांनीही ज्यांच्याकडं एकच गोल मेडल आहे त्यांनी मन छोटं करू नये.

चिंचेचं म्हणाल तर एकदा झालं ते झालं. पण गोल मेडलांना अजिबात लावू देऊ नका, कडेवरची अक्षरं फार उथळ असतात, दरवर्षी घासलं तर पुसून जातात. मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ टिपायची आणि प्रत्येक वेगळ्या कागदात ठेवायचं, एकत्र पुरचुंडीत ठेवली की एकमेकांवर घासतात. हिरवा थर आला असेल तर लाकडी टूथपिकनं हळू खरवडा, सुई नको.

पत्र्याची_पेटी:
रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी हे लिहितोय कारण झोप येणार नाही.

चक्रवाल्या मेडलची कड हिरव्या बुरशीसारख्या थरानं भरलेली होती. ताईंनी सांगितलं तसं टूथपिक घेऊन बसलो, बायको टॉर्च धरून. आधी एक आकडा आला, मग अजून, पूर्ण नंबर आला. मग एच ए व्ही. मग आजोबांचं नाव. स्पेलिंग जरा वेगळंच आहे, आम्ही लिहितो तसं नाही, पण आजोबाच आहेत, आडनावासकट. शेवटी मराठा एल आय. माझ्या मुलीला उठवून दाखवलं.

एच ए व्ही म्हणजे हवालदार ना? आम्हाला वाटत होतं साधे शिपाई होते.

रिटायर्ड_सुभेदार:
राम राम. होय, हवालदारच. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार अशी चढण, त्याच्यावर त्या काळी जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर. जमादाराचा नायब सुभेदार १९६५ ला झाला. लढाईच्या काळात हवालदार म्हणजे त्याच्या हाताखाली माणसं होती, साधी गोष्ट नव्हे.

मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, नंतरच्या काळातला. बिगुल आमचाच. पण लाइट इन्फंट्री आणि रायफलवाल्या बऱ्याच पलटणींच्या बिल्ल्यात बिगुल असतो, त्यामुळं नुसत्या बिगुलावर जाऊ नका, तुमच्याकडं आता कडेवर नाव आलंय म्हणून प्रश्न नाही. मुकुट आहे म्हणजे प्रजासत्ताकाच्या आधीचा बिल्ला, नंतर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. असाच बदल आमच्या शेजारच्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यातही दिसतो, ती पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली, तिच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला. कुणाच्या घरी तसा जुना बिल्ला असेल तर जपून ठेवा.

बिल्ल्याची पाठ बघून सांगा. मागं दोन छोट्या कड्या असतील तर तो वर्दीचा, टोपीचा नाहीतर कॉलरचा, कड्यांतून पिन घालून बसवायचे. मागं अर्धचंद्रासारखी पट्टी असेल तर कोटाच्या काजात लावायचा, म्हणजे सुटल्यानंतर साध्या कपड्यांवर लावायचा. आणि टाचणीसारखी सुई असेल तर तो बहुतेक घरच्यांसाठी घेतलेला, बायकोला बहिणीला द्यायला.

आता कागदाचं. नंबर हातात आला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. बेळगावला आमच्या रेजिमेंटल सेंटरचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथं लिहा. प्रत्येक जवानाचा शीट रोल असतो, भरती कधी, कुठल्या कुठल्या पलटणीत, बढत्या, जखमा, मेडलं, बायकोपोरांची नावं, सगळं त्यात. पण खरं ते सांगतो, ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे शीट रोल २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. त्यांच्या बाबतीत उरतो तो लाँग रोल, तो कायम ठेवतात, त्यात थोडीच माहिती असते, नंबर नाव गाव भरतीची आणि सुटण्याची तारीख असं, पण तेवढ्यानंही खूप कळतं. आजोबांना पेन्शन होती का? आजीला मिळत होती का?

पत्र्याची_पेटी:
सुभेदार साहेब, राम राम. बिल्ल्याच्या मागं दोन कड्या आहेत, एक अर्धी तुटलीय.

पेन्शनचं आत्याला विचारलं. ती म्हणते महिन्याला आजोबा तालुक्याला जायचे आणि येताना आमच्यासाठी शेव आणायचे, ते पेन्शनीलाच जायचे. आजी नंतर बँकेत जायची. म्हणजे पेन्शन होती!

आणि अजून एक. आत्याला मी आफ्रिका आणि इटलीचं सांगितलं, तिला पटेचना. मग बोलता बोलता ती म्हणाली की दादा म्हणजे आजोबा कधी कधी शेतातून आले की पाणी मागताना 'आक्वा' म्हणायचे, आणि आम्ही पोरं हसायचो, ती बर्मातली भाषा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मी इटालियनमध्ये पाण्याला काय म्हणतात ते शोधलं. आक्वाच. आत्या ऐंशीची आहे, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मग आम्हाला सांगितलं का नाही त्यांनी.

माईची_लेक:
आत्यांना म्हणावं, सांगितलं होतं की त्यांनी, रोज पाणी मागून.

सह्यकडा:
अंगावर काटा आला.

आता पलटण शोधू. मराठा एल आय मध्ये तेव्हा बऱ्याच पलटणी होत्या आणि प्रत्येक वेगळ्या आघाडीवर. तेव्हाच्या लिखाणात २/५, ३/५ असं दिसेल, त्यातला ५ म्हणजे पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट, आणि आधीचा आकडा पलटणीचा. मेडलांवरून गाळत गेलं तर असं दिसतं:

४/५ ही ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती, मार्च १९४४ ला मणिपूरमध्ये सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर तिनं जपान्यांना अडवलं. तुमच्याकडं बर्मा स्टार नाही म्हणून ती सोडून देऊ.

२/५ जून १९४२ ला लिबियातल्या तोब्रूकला होती, तोब्रूक पडलं तेव्हा पलटणच्या पलटण कैदेत गेली. त्यांना आफ्रिका स्टार मिळेल. त्यातले बरेच कैदी इटलीतल्या छावण्यांत नेले होते, पण नुसत्या कैदेवर इटली स्टार मिळत नाही, त्याला आघाडीवरची नोकरी लागते. तरी घरात कधी कैदेबद्दल काही निघालं होतं का ते विचारून ठेवा.

१/५ म्हणजे जंगी पलटण इटलीत आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये लढली. त्याआधी ती इराक इराणकडं होती. तिच्यातले शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

३/५ ही १९४१ च्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढली, पाचव्या डिव्हिजनमध्ये, आणि पुढं १९४४ ला इटलीत दहाव्या डिव्हिजनमध्ये. नाईक यशवंत घाडगे याच ३/५ चे, १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचा देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि इटलीत मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक केलंय.

आफ्रिका आणि इटली दोन्ही असलेला मराठा हवालदार म्हटलं की माझी नजर पहिली ३/५ वर जाते. एक तपासा, आफ्रिका स्टारच्या फितीवर धातूची आडवी पट्टी शिवलेली आहे का, '८ वी आर्मी' अशी? ती पट्टी २३ ऑक्टोबर १९४२ पासून पुढं, म्हणजे इजिप्तमधल्या अलामीनच्या लढाईपासून पुढं आठव्या आर्मीत असलेल्यांनाच मिळायची. पट्टी नसेल तर त्यांची आफ्रिका बहुतेक त्याच्या आधीची, आणि मग केरेनची शक्यता अजून वाढते.

पण ही शक्यता आहे हं, पुरावा नाही. माणसं एका पलटणीतून दुसरीत जायची, जखमी झाला की दवाखान्यातून उठून गरज असेल तिथं पाठवायचे. आणि आफ्रिका स्टारला एक दिवस पुरायचा, त्यामुळं मेडल म्हणजे तो माणूस त्या भूमीवर होता एवढंच, तिथं काय केलं ते मेडल सांगत नाही.

रिटायर्ड_सुभेदार:
केरेनचं नाव निघालं म्हणून दोन शब्द. आमचा जो युद्धघोष, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय', तो रणांगणावर पहिल्यांदा केरेनच्या चढणीवर दुमदुमला असं आम्हाला सेंटरला शिकवतात. रंगरूट असताना ऐकलं होतं तेव्हा नुसती गोष्ट वाटायची. नंतर नकाशा बघितला, सरळ उभे डोंगर आहेत, वर इटालियन मशीनगना, खाली आपली माणसं पाण्याच्या बाटल्या आणि दारूगोळा पाठीवर घेऊन चढतायत. लढाई फेब्रुवारीत सुरू झाली ती मार्चच्या शेवटापर्यंत चालली. तुमचे आजोबा तिथं होते का हे शीट रोल सांगेल. पेन्शनर होते म्हणजे कागद मिळायची आशा आहे.

पत्र असं लिहा. नंबर, हुद्दा, नाव जसं मेडलवर आहे तसं आणि घरी लिहिता तसंही, दोन्ही. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, आजीचं नाव, पेन्शन कुठल्या ट्रेझरीतून किंवा बँकेतून यायची ते, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. जुना जिल्हाही लिहा, आजच्या सांगली जिल्ह्यातले बरेच तालुके तेव्हा साताऱ्यात होते, त्यांच्या कागदावर जुनंच नाव असणार. तुमचं नातं दाखवणारा दाखला आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला जोडा. पत्र एकदम टाकायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, तिथं बहुतेक माजी सैनिकच बसतात, विचारणाऱ्याला परत पाठवत नाहीत. आजोबांची किंवा आजीची जुनी नोंद तिथं असण्याची शक्यता आहे.

पत्र्याची_पेटी:
पट्टी नाही! आफ्रिका स्टारच्या फितीवर काहीच शिवलेलं नाही, टाक्यांच्या खुणाही नाहीत, भिंग घेऊन बघितलं.

कैदेचं आत्याला विचारलं, तसं काही कधी ऐकलं नाही म्हणाली. पण उजव्या दंडाला आतल्या बाजूनं खड्डा होता म्हणाली, लहानपणी ती त्यात बोट घालायची आणि आजोबा म्हणायचे बैलानं मारलं. आता तेही बैलानंच का हे कळत नाही.

एक प्रश्न, इंग्लंडमध्ये काही मिळेल का? एका भाच्यानं सांगितलं की तिकडच्या मेडल ऑफिसला मेल करा.

सह्यकडा:
हिंदी फौजेतल्या जवानांचे नोकरीचे कागद तिकडं नाहीत, ते इथंच राहिले, आणि ज्या रेजिमेंटी फाळणीत पाकिस्तानला गेल्या त्यांचे तिकडं. त्यामुळं आजोबांच्या नावाचा कागद बेळगावलाच शोधायचा.

पण लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, आणि तो खजिना आहे. पलटणीचा अधिकारी रोजच्या रोज लिहायचा, आज कुठं मुक्काम, कुठली टेकडी घेतली, किती जखमी, पाऊस किती. मध्यपूर्वेच्या डायऱ्या डब्ल्यूओ १६९ या मालिकेत, इटलीच्या डब्ल्यूओ १७० मध्ये, आग्नेय आशियाच्या म्हणजे ब्रह्मदेशाच्या डब्ल्यूओ १७२ मध्ये. कॅटलॉग घरबसल्या शोधता येतो, पानांच्या प्रतींना पैसे पडतात. त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, जवानांची क्वचित, हे आधीच सांगतो म्हणजे हिरमोड नको. पण आधी बेळगावकडून पलटण आणि तारखा कळू देत, मग नेमकी तेवढीच फाइल मागवा.

अजून दोन बाबी. वॉर मेडलच्या फितीवर ब्राँझचं ओकचं छोटं पान आहे का बघा. असेल तर मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे लढाईच्या सरकारी अहवालात नावानिशी उल्लेख, आणि मग लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, त्यांचं नाव छापलेलं असणार, ते फुकट शोधता येतं, फक्त स्पेलिंग पाच सहा पद्धतीनं टाकून बघा आणि आडनावाऐवजी नंबर टाकून बघा, नंबरात चूक कमी होते. शौर्यपदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये आहेत. आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आजोबा नसणार, ती फक्त गेलेल्यांची आहे, पण आजोबांच्या पलटणीचं नाव टाकून त्या यादीत बघा. त्यांच्याबरोबरची, कदाचित शेजारच्याच गावातली माणसं तिथं सापडतील, कोण कुठल्या तारखेला गेलं ते कळेल. मी माझ्या मोठ्या आजोबांसाठी असंच केलं होतं आणि एका तारखेला ओळीनं चौदा नावं निघाली, त्यांच्यापुढं गावांची नावं, सगळी आमच्याच भागातली. ती यादी मी अजून जपून ठेवलीय.

माईची_लेक:
पेटीदादा, एक काम आजच करा. आत्या जे जे सांगतायत ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, शेवेची पुडी, आक्वा, दंडाचा खड्डा सगळं. कागद दहा वर्षांनीही मिळेल, आत्या ऐंशीच्या आहेत. मी माझ्या आजीला विचारायचं विचारायचं म्हणत राहिले आणि राहून गेलं. खेचराचं एक नाव तिला पाठ होतं, आजोबांच्या खेचराचं, ते आता कुणालाच माहीत नाही.

पत्र्याची_पेटी:
ओकचं पान नाही. तरी चालेल.

पत्र तयार केलंय, सुभेदार साहेबांनी सांगितलं तसं दोन्ही स्पेलिंग, जुना जिल्हा, सगळं. आजीचं पेन्शनीचं बँकेचं पासबुक काकांकडं निघालं आणि त्याच्या पहिल्या पानाच्या मागं पेन्सिलीनं पीपीओ नंबर लिहिलेला आहे, अक्षर आजोबांचं नाही, बँकेतल्या कुणाचं तरी असावं. सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जातोय, तिथून मग पोस्टात.

आत्याचं रेकॉर्डिंग काल केलं, चाळीस मिनिटं झालं. मध्येच तिनं मेडलं मागितली आणि इटलीची चांदणी हातात धरून बसली, जी तिनं घासली होती तीच. म्हणाली बरं झालं हीच घासली. मी काही बोललो नाही. पाचही मेडलं आता वेगवेगळ्या कागदात गुंडाळलीत आणि प्रत्येक कागदावर मेडलचं नाव लिहिलंय, बिल्ल्याच्या कागदावर 'तुटकी कडी, दुरुस्त करू नये' असं.

बेळगावहून काय येतं ते इथंच कळवतो.

रिटायर्ड_सुभेदार:
उत्तराला महिना दोन महिने लागतील, धीर सोडू नका, नाही आलं तर नंबर घालून परत आठवण करा. आणि कधी जमलं तर आत्यांना घेऊन बेळगावला सेंटरवर या, आमचं म्युझियम आहे तिथं. आधी कळवलंत तर मीही येईन.